राजगड-तोरण्याच्या धारेस अनावृत पत्र

प्रिय धारे,

राजगडाची संजीवनी माची जिथे संपते तिथून तू निघतेस आणि पश्चिमेला तोरण्याच्या बुधला माचीला जाऊन भिडतेस. तुझ्यावर तट नाही, बुरूज नाही. इतिहासाच्या पुस्तकांत तुझ्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. पण पहाटे राजगडाखालच्या गुंजवण्यातून निघून दिवस मावळायच्या आत तोरण्याखालच्या वेल्ह्यात उतरायचं म्हणणाऱ्याचा दिवस दोन गडांवर ठरत नसतो, तो तुझ्यावर ठरतो. म्हणून हे पत्र तुला.

निमित्त घरचंच आहे. डिसेंबरातल्या एका रविवारी माझी भाची कॉलेजच्या अकरा मित्रमैत्रिणींना घेऊन तुझ्याकडे येते आहे. पंधरा दिवस आमच्याकडे तीच बोलणी चालू आहेत. ‘मावशी, वाट मळलेली आहे, सुट्टीच्या दिवशी तर रांग लागते म्हणतात, मग एवढं काय ठरवायचं?’ हा तिचा प्रश्न. तो एकट्या तिचा नाही. दर हिवाळ्यात तुझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात तोच असतो. म्हणून उत्तरही सगळ्यांसमक्ष देते.

आधी तुझ्या घडणीबद्दल, कारण तुझा धोका तिच्यातूनच येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. पुढे एका अंगाने कानंदी आणि दुसऱ्या अंगाने वेळवंडी आपापली खोरी कोरत आल्या, आणि दोन्ही खोऱ्यांच्या मधे उरलीस ती तू. थर सगळे सारखे नव्हते. घट्ट बेसाल्टचा कडा झाला, त्याखालचा भुसभुशीत थर झिजून उतरता झाला. तुझ्या माथ्यावर मधूनमधून जे उंचवटे लागतात ते त्या घट्ट थराचे अवशेष. पायवाट अनेकदा त्यांच्या डोक्यावरून न जाता बगल देऊन आडवी जाते, आणि जाते ती नेमकी मऊ, मुरमाड पट्ट्यावरून. पाऊलभर रुंदीची वाट, एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला सरळ खाली गेलेला गवताचा उतार, पायाखाली सुटे खडे. घसारा म्हणतात तो हा. गवत लांबून मऊ दिसतं, पण डिसेंबरात ते वाळून गुळगुळीत झालेलं असतं आणि त्यावरून घसरलेला माणूस आपणहून थांबत नाही. दोराची गरज पडावी असं तुझ्यावर फारसं कुठे नाही. पण चूक खपवून घेणारी जागाही थोडीच आहे. मुलांना मी हे असंच सांगितलं, कारण ‘सोपा ट्रेक’ आणि ‘अवघड ट्रेक’ अशा दोनच खणांत तू बसत नाहीस.

आता दिशा. तोरण्याहून राजगडाकडे यावं की राजगडाहून तोरण्याकडे जावं, यावर डोंगरात फिरणारी माणसं तासन्‌तास वाद घालतात. उलटं येण्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की बुधल्याच्या सुळक्याखालचा अवघड टप्पा सकाळी, पाय ताजे असताना होऊन जातो. मला ते पटत नाही. त्या टप्प्यावर हात लावावे लागतात, आणि असा कातळ चढताना हातापायांच्या जागा डोळ्यांसमोर असतात, तर उतरताना त्या चाचपाव्या लागतात. नवख्या मुलांना घेऊन जायचं तर तो चढूनच जावा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता तुला मधेच एका खिंडीत ओलांडतो. राजगडाकडून आलं की ही खिंड अवघड भागाच्या आधी लागते. म्हणजे दमलेल्याला, घाबरलेल्याला, मुरगळलेल्याला तिथून सुखरूप खाली जाता येतं. उलट बाजूने आलं तर रस्ता हाताशी येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

राजगड-तोरण्याची सगळी आखणी मी या खिंडीवरून करायला शिकवते. गुंजवण्यातून किती वाजता निघायचं, हे आधी ठरवायचंच नाही. आधी ठरवायचं की खिंडीत किती वाजेपर्यंत पोचलो तरच पुढे जायचं. मग तिथून दोन्ही बाजूंना हिशोब मांडायचा.

डिसेंबरात पुण्याच्या परिसरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. उजेड अकरा तासांचा. खिंडीतून बुधल्याखालपर्यंतची चाल आणि चढ मिळून अडीच-तीन तास, बुधल्यावरून कोकण दरवाजाने मेंगाईच्या देवळापाशी पोचायला तास, तिथून बिनी दरवाजाने वेल्ह्यात उतरायला दोन तास धरावेत. ही झाली सहा तासांची बेरीज, थांबे न धरता. तोरण्याची उतरण वरच्या भागात दगडी आणि निसरडी आहे, ती अंधारात करायची नाही. म्हणजे खिंडीतून पुढे पाऊल टाकायची वेळ साडेअकरा, आणि काही झालं तरी बारा. आता मागे मोजत जा. अळू दरवाजातून बाहेर पडल्यापासून खिंडीपर्यंत दोन तास. पद्मावती माचीवरून अळू दरवाजापर्यंत तास-सव्वातास. गुंजवण्यातून चोर दरवाजाने पद्मावतीवर यायला अडीच तास. तेव्हा गुंजवण्यातून साडेपाचला पाय उचललाच पाहिजे, आणि पहिला तास विजेरीच्या उजेडात जाईल. तो जाऊ दे. चोर दरवाजाच्या खालचा कातळ यायच्या आत फटफटलेलं असतं.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये चालीचा एक ठोकताळा मांडला होता. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. जगभर तो अजून वापरतात. गुंजवणे ते वेल्हे ही चाल वीसेक किलोमीटरची आणि सगळा चढ हजार मीटरच्या पुढे, म्हणजे त्याच्या हिशोबाने जेमतेम सहा तासांचं काम. प्रत्यक्षात चांगल्या चालणाऱ्याला नऊ-दहा तास लागतात. नेस्मिथने थंड हवेत चालणारी दणकट माणसं धरली होती. त्याने घसाऱ्यावर पाऊल तपासून टाकणं धरलं नव्हतं आणि दुपारचं ऊनही. मोबाइलवरचं अ‍ॅप जेव्हा चालीची वेळ सांगतं तेव्हा तेही बहुधा अशाच एखाद्या ठोकताळ्यावर चालत असतं. त्या आकड्यावर विसंबून निघणाऱ्या गटांचे दिवे रात्री तोरण्याच्या उतारावर दिसतात.

आणि माणसांची संख्या. याकडे कोणीच नीट पाहत नाही. अरुंद टप्प्यावर एका वेळी एकानेच जायचं असतं, कारण वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. माणशी दोन मिनिटं धरली तरी बारा जणांना चोवीस मिनिटं लागतात. साठ जणांना दोन तास. असे टप्पे दोन-तीन असले तर साठांच्या गटाचा हिशोब तिथेच बुडाला, मग ते गुंजवण्यातून किती का वाजता निघेनात. भाची वीस जणांना नेणार होती. मी हे गणित तिच्याकडून कागदावर करून घेतलं, आणि संख्या तिने स्वतःच कमी केली.

बालेकिल्ला त्या दिवशी नाही. हे सांगताना मलाच वाईट वाटलं. सईबाईंनी जिथे डोळे मिटले, आग्र्याहून सुटल्यावर शिवाजी महाराज 1666 मध्ये जिथे परत आले, त्या गडावर जाऊन बालेकिल्ला न पाहता पुढे जायचं म्हणजे जिवावर येतं. पण बालेकिल्ल्याचा चढ, वरचा फेरफटका आणि उतरण यांत दीड तास जातो, आणि तो दीड तास खिंडीतल्या बाराच्या घड्याळातून वजा होतो. राजगड पाहायला दुसऱ्या दिवशी यावं, खास त्याच्यासाठी यावं. सुवेळा, नेढं, संजीवनीची दुहेरी तटबंदी हे पळत पळत पाहायचं काम नाही. संजीवनीवरून मात्र त्या दिवशीही जायचंच आहे, तेव्हा मुलांना एवढंच सांगितलं की ती तीन टप्प्यांत उतरणारी माची जमेल तितकी डोळ्यांत भरून घ्या. डोंगराचा उतार वाया न घालवता त्यावर तटाचे पदर कसे चढवले, हे तिथे चालता चालता कळतं.

पाण्याचा विषय थोडक्यात, कारण त्यात वादाला जागा नाही. दोन्ही गडांवर टाकी आहेत, तुझ्यावर भरवशाचं पाणी नाही. सावलीही नसल्यात जमा. अळू दरवाजातून निघाल्यावर काळा कातळ तापत जातो, आणि दुपारनंतर सूर्य समोर येतो कारण चाल पश्चिमेकडे आहे. माणशी चार लिटर, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर. पाठीवर चार किलोचं ओझं वाढतं म्हणून कुरकुर होईल, ती ऐकायची नाही. वाटेत वाडीवरच्या बायका ताक, लिंबूसरबत घेऊन बसलेल्या भेटतात. डोक्यावर कळशी घेऊन त्या घसाऱ्यावरून आलेल्या असतात. त्यांनी सांगितलेला पैसा घासाघीस न करता द्यावा, आणि त्या त्या दिवशी असतीलच असं धरून पाणी कमी नेऊ नये.

शक्य असेल त्याने गावातला वाटाड्या घ्यावा, असं माझं मत आहे. तुझ्यावर चुकायला काय आहे, धार सोडली नाही की झालं, असं म्हणणारे भेटतात. पण आडव्या वाटांना गुरांच्या वाटा फुटलेल्या असतात, त्या सुरुवातीला हुबेहूब खऱ्या वाटेसारख्या दिसतात आणि हळूहळू खाली ओढतात. खाली उतरल्याचं कळतं तेव्हा वर चढायला कारवीच्या झाडीतून वाट काढावी लागते. भुतोंडे हे येसाजी कंकांचं गाव. तुझ्या आसपासच्या गावांतल्या माणसांना हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या पायाखालचा आहे, आणि त्यांना रोजगार मिळावा हेही कारण कमी नाही.

ऋतूंबद्दल मी कडक आहे. जून ते सप्टेंबर तुझ्यावर कोणी येऊ नये. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, वारा आडवा मारतो आणि मुरूम लोण्यासारखा होतो. ऑक्टोबर आणि मे हे फसवे महिने. सकाळ स्वच्छ असते, दुपारी ढग चढतात आणि वीज सगळ्यात उंच जागा शोधते. उघड्या धारेवर ती उंच जागा म्हणजे चालणारी माणसंच. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे तिसाच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग धारेचा माथा सोडायचा, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, एकमेकांपासून अंतर ठेवायचं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने केलेलं ‘दामिनी’ हे अ‍ॅप जवळपासच्या विजेची सूचना देतं. ते फोनवर असावंच, पण डोंगरात रेंज जाते, तेव्हा आकडे मोजता आले पाहिजेत. हिवाळ्यात वीज नसली तरी कड्यांवरची आग्या मोहोळं असतात. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

दृष्टिभयाबद्दल मुलं बोलत नाहीत. मित्रांसमोर कोणाला कबूल करायचं नसतं. म्हणून भाचीला सांगितलं की एकेकाला वेगळं गाठून विचार, आणि ज्यांनी या आधी कधी उघड्या कड्याच्या कडेने चाल केलेली नाही त्यांना घेऊन आधीच्या एखाद्या रविवारी नुसतं गुंजवण्यातून राजगड चढून उतर. चोर दरवाजाखाली ज्याचे पाय थरथरले त्याला बुधल्याखाली नेऊ नये. त्याला कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. पाय थरथरणारा माणूस स्वतः घसरतो आणि हात द्यायला गेलेल्यालाही घेऊन जातो.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट राहते, आणि ती तुझ्या देखणेपणातून येते. तुझ्यावरून तोरणा सतत समोर दिसतो. बुधला तर नजरेतून हलत नाही. डावीकडे खाली भाटघरचा जलाशय पसरलेला असतो, मागे वळलं तर राजगडाचा बालेकिल्ला, आणि समोर हा. ‘हा काय, आलाच की.’ दुपारी एक वाजता खिंडीत बसलेल्या गटात हे वाक्य हमखास उठतं. दिसतं ते सरळ रेषेतलं अंतर, आणि चालायचं असतं ते प्रत्येक उंचवट्याला वळसा घालून, उतरून पुन्हा चढून. वेळ ठरवताना घरी बसूनच ठरवावी असं मी म्हणते ते यासाठी. खिंडीत निर्णय घ्यायला बसलं तर तुझ्यासमोर कोणाचंच चालत नाही.

मागच्या हिवाळ्यात बुधल्याखाली मी एक मोठा गट पाहिला. पैसे भरून आलेली साठेक माणसं, आणि पुढे-मागे मिळून दोन म्होरके. दुपारचे चार वाजून गेले होते, कातळावर रांग खोळंबली होती, खालच्यांकडचं पाणी संपलं होतं. ‘खिंडीतून परत का नाही गेलात?’ असं एका म्होरक्याला विचारलं. तो म्हणाला, बस वेल्ह्यात उभी आहे. त्याचा राग यायला हवा होता, पण तो विशीतला पोरगा होता आणि घाबरलेला होता. बस वेल्ह्यात उभी करणाऱ्याने खिंडीत परतण्याची सोयच ठेवली नव्हती. महाराष्ट्राचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं, आयोजकांनी नोंदणी करावी, सुरक्षिततेचे नियम पाळावेत असं त्यात आहे. पण कागदावरच्या नियमाने ती बस खिंडीत येत नाही. ती तिथे आणणं आयोजकाच्या हातात आहे, आणि त्याला खर्चही फारसा नाही. साडेअकरा ते साडेबारा गाडी खिंडीत थांबवा, मग वेल्ह्याला न्या. आमच्या बारा जणांसाठी ठरवलेली जीप तसंच करणार आहे.

आणखी एक कारण आहे ज्यामुळे हे आता लिहावंसं वाटलं. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत राजगड आहे. आनंद झाला. त्याबरोबर गर्दी वाढणार हेही उघड आहे. गडावर पायऱ्या होतील, फलक लागतील, कठडे येतील, आणि त्या गर्दीतला एक भाग संजीवनीच्या टोकाशी येऊन समोरच्या तोरण्याकडे बघणारच. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला असं परंपरा सांगते. 1665 मध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले आणि बारा राहिले, तेव्हाही हे दोन्ही स्वराज्यातच राहिले. अशा दोन गडांना एका दमात जोडून चालावं असं मराठी माणसाला वाटणारच, वाटलंच पाहिजे. माझ्या भाचीला वाटलं याचा मला अभिमान आहे. पण तुझ्यावर कठडे बांधून हा प्रश्न सुटू नये असं मला मनापासून वाटतं. तू आहेस तशी उघडी राहावीस. तयारी येणाऱ्याने करावी.

रविवारी साडेपाचला आमची बारा जणं गुंजवण्यातून निघतील. त्यांच्या नावांची यादी आणि खिंडीची वेळ घरी माझ्याकडे असेल, गावातल्या वाटाड्याकडे असेल आणि जीपवाल्याकडे असेल. बारा वाजून गेले तर ती सगळी रस्त्याने वेल्ह्यात येतील, तोरणा पुढच्या वेळी.

आणि हे पत्र वाचणाऱ्यांनो, तुमच्या मुलांना कोणी राजगड-तोरण्याला नेत असेल तर पैसे भरण्याआधी त्याला दोनच प्रश्न विचारा. खिंडीतून परत फिरायची वेळ कोणती, आणि त्या वेळी गाडी कुठे असेल? उत्तर तिथल्या तिथे आलं नाही, तर पैसे भरू नका.

तुझी,
एक वाटसरू